घरच्या घरी स्ट्रॉबेरीचे हलके डेझर्ट कप : रेसिपी, हिशोब आणि माझी ६० कपांची चूक



मागच्या व्हिडिओत मी स्ट्रॉबेरी-चक्का कप करून दाखवला, आणि त्यानंतर सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न म्हणजे, "मॅडम, हा कप कितीला विकायचा?" त्याचं उत्तर एका वाक्यात देता आलं असतं. पण दिलं नाही, कारण नुसता आकडा हातात घेऊन तुम्ही धंद्यात उतरलात तर पहिल्या महिन्यातच फसाल. मी फसले होते. म्हणून आज रेसिपी, फळांची काळजी आणि हिशोब असं तिन्ही एकत्र लिहिते आहे. वही-पेन घेऊन बसा.

ज्यांना माझी ओळख नाही त्यांच्यासाठी सांगते. साताऱ्यात माझं बेकिंगच्या सामानाचं छोटं दुकान आहे. साचे, कप, चॉकलेट, क्रीम वगैरे विकते आणि शनिवार-रविवार घरगुती व्यवसायाच्या बॅच घेते. बीबीए केलेलं आहे, पण खरं सांगायचं तर कॉस्टिंग मला कॉलेजने शिकवलं नाही. कॉस्टिंग शिकवलं एका हळदी-कुंकवाच्या ऑर्डरने.

६० कपांची गोष्ट

दुकान सुरू करून वर्षही झालं नव्हतं. संक्रांत झाली होती, घरोघरी हळदी-कुंकू चाललेलं आणि बाजारात स्ट्रॉबेरी भरपूर. ओळखीतल्या एका काकूंनी ६० कपांची ऑर्डर दिली. "तिळगूळ तर सगळेच देतात, आपण काहीतरी नवीन देऊ," असं त्यांचं म्हणणं. ४० रुपयांना एक, म्हणजे २४०० रुपये. तोवरची माझी सगळ्यात मोठी ऑर्डर.

मी आदल्या रात्रीच सगळं करून ठेवलं. स्ट्रॉबेरी चिरली, त्यावर साखर घातली, गोड दह्यात कालवली, कप भरले, झाकणं लावली आणि फ्रिजमध्ये ठेवले. रात्री एकदा दार उघडून बघितलं तर गुलाबी कपांची काय सुंदर ओळ दिसत होती! फोटोसुद्धा काढला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंचा फोन आला. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "चव छान होती गं, पण वर पाणी तरंगत होतं. बायकांनी दोन चमचे खाल्ले आणि कप बाजूला ठेवून दिले. मला जरा ओशाळल्यासारखं झालं."

मी सगळे पैसे परत केले. त्यांनी नको नको म्हटलं तरी केले. साहित्य गेलं, कप गेले, रात्रीची झोप गेली. पण खरा तोटा वेगळाच. त्या हळदी-कुंकवाला आलेल्या पन्नास-साठ बायका माझ्या संभाव्य ग्राहक होत्या आणि त्यांनी माझा माल पहिल्यांदा बघितला तो असा.

झालं काय होतं? साखर फळातलं पाणी बाहेर ओढते. हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. लोणच्याला कैरी मीठ लावून ठेवतो तेव्हा पाणी सुटतंच ना? साखरही तेच करते. स्ट्रॉबेरीत मुळातच नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. चिरलेल्या फळावर साखर घालून मी ते जवळजवळ वीस तास ठेवलं होतं. पाणी सुटणारच होतं.

तेव्हापासून माझा एक नियम आहे आणि आजच्या सगळ्या लेखाचा गाभाही तोच : फळाच्या डेझर्टचं घड्याळ फळ ठरवतं, आपण नाही. कधी चिरायचं, किती करायचं, कुठे विकायचं आणि कितीला विकायचं, हे सगळं त्या घड्याळावरून ठरवायचं.

आधी फळ ओळखा

स्ट्रॉबेरी आपल्याकडे म्हणजे महाबळेश्वर, पाचगणी, भिलार, वाई, जावळी या पट्ट्यातली. साधारण नोव्हेंबरच्या शेवटी माल यायला लागतो आणि मार्चपर्यंत चांगला मिळतो. सुरुवातीला भाव चढे असतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतात. म्हणजे डिसेंबरचा भाव धरून केलेला हिशोब आणि फेब्रुवारीचा हिशोब एक नसतो. दर पंधरा दिवसांनी वहीतला भाव बदला.

खरेदी करताना हे बघा :

- देठाजवळ पांढरी असलेली घेऊ नका. आंबा, चिकू, केळं घरी ठेवून पिकतं. स्ट्रॉबेरी तोडल्यावर गोड होत नाही. रंग थोडा गडद होईल, पण गोडी जेवढी शेतात आली तेवढीच.
- डबी उलटी करून तळ बघा. वरचा थर नेहमीच देखणा असतो. खाली रस गळालेला दिसला तर ती डबी ठेवून द्या.
- दोन प्रतींचा माल घ्या. वर सजवायला मोठी, एकसारखी फळं आणि सॉससाठी बारीक फळं. बारीक फळ स्वस्त पडतं आणि शिजवल्यावर कोणाला आकार दिसत नाही. सगळा माल पहिल्या प्रतीचा घेणं ही नवीन लोकांची हमखास चूक.

घरी आणल्यावर लगेच धुऊ नका. न धुता, एका थरात, खाली कागद घालून फ्रिजमध्ये ठेवा. दोन दिवस चांगली राहते. वापरायच्या आधी पिण्याच्या पाण्याने धुवा, तेही देठासकट. देठ काढून धुतलं की पाणी आत शिरतं आणि फळ पचपचीत होतं. धुऊन, स्वच्छ कापडावर कोरडी करून, मगच देठ काढा.

आणखी एक. कपावर "महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी" असं लिहायचं असेल तर माल खरंच तिथलाच हवा. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० साली जीआय मानांकन मिळालेलं आहे. दुसरीकडचा माल त्या नावाने विकणं चुकीचं आहे.

रेसिपी १ : स्ट्रॉबेरी-चक्का कप (१० कप)

हलकं डेझर्ट म्हणजे काय? माझ्या लेखी तीन गोष्टी : क्रीम नाही, साखर बेताची आणि फळ भरपूर. मी स्वतः दुकानात क्रीम विकते, तरी सांगते. क्रीमच्या कपात तुमची स्पर्धा प्रत्येक केकवाल्याशी आहे. चक्का आपल्या घरातला आहे, लोकांना त्याची चव ओळखीची आहे आणि तो पोटाला जड होत नाही.

साहित्य :

- घट्ट चक्का ५०० ग्रॅम (म्हशीच्या सव्वा लिटर दुधाच्या दह्याचा साधारण एवढा होतो)
- पिठीसाखर ९० ग्रॅम
- स्ट्रॉबेरी ४०० ग्रॅम (साफ करून ३५० ग्रॅम धरा)
- साधी साखर ३० ग्रॅम
- लिंबाचा रस १ छोटा चमचा

कृती :

१. दही मलमलच्या कापडात बांधून फ्रिजमध्ये टांगा किंवा चाळणीवर ठेवा, सहा ते आठ तास. बाहेर टांगलं तर दुपारच्या उन्हात आंबट होतं. निघालेलं पाणी फेकू नका, कणीक मळायला वापरा.

२. साफ केलेल्या फळांपैकी १५० ग्रॅम बारीक फळं चिरून, ३० ग्रॅम साखर घालून स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर पाच-सहा मिनिटं शिजवा. सुटलेलं पाणी आटून सॉस चमच्याला चिकटला पाहिजे. शेवटी लिंबू पिळा. लिंबाने चव उघडते आणि लाल रंगही चांगला राहतो. सॉस पूर्ण थंड करा.

३. चक्का आणि पिठीसाखर एकत्र फेटा. मिक्सर लावू नका, पातळ होतं. पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून काढलं तर अगदी मऊ होतं.

४. कपात खाली सॉस, वर चक्का. इथे थांबा आणि झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा.

५. उरलेली २०० ग्रॅम स्ट्रॉबेरी माल बाहेर पडायच्या अर्धा-एक तास आधी चिरा आणि वर ठेवा. तिला साखर लावायची नाही.

माझी ६० कपांची चूक या पाचव्या पायरीत दुरुस्त झाली. शिजवलेल्या फळाचं पाणी आधीच निघून गेलेलं असतं, म्हणून ते तळाशी शांत बसतं. ताजं फळ साखरेपासून लांब आणि शेवटच्या क्षणी. खालचे दोन थर तुम्ही सकाळी लावू शकता, म्हणजे ऑर्डरच्या वेळी धावपळही होत नाही.

एका कपात साधारण १२ ग्रॅम साखर जाते. श्रीखंडात आपण चक्क्याच्या जवळजवळ बरोबरीने साखर घालतो, त्या मानाने ही बरीच कमी आहे. पण म्हणून कपावर "शुगर-फ्री" किंवा "डायबेटिसवाल्यांसाठी" असं चुकूनही छापू नका. साखर आहे, फक्त कमी आहे. ग्राहकाला तसंच सांगा : "कमी गोड आहे, फळाची गोडी लागते."

रेसिपी २ : स्ट्रॉबेरी जेली, चायना ग्रासची (१० छोटे कप)

बाजारातल्या जिलेटिनच्या जेलीला दोन अडचणी. जिलेटिन प्राण्यांपासून बनतं, त्यामुळे शाकाहारी ग्राहक घेत नाही. आणि ते उन्हात वितळतं. चायना ग्रास समुद्री वनस्पतीपासून बनतं, फ्रिजबाहेरही गोठतं आणि आपल्याकडच्या उन्हात विरघळत नाही. मुलांच्या वाढदिवसासाठी तर हे फार सोयीचं आहे.

साहित्य : चायना ग्रासच्या काड्या ७ ग्रॅम, पाणी ४०० मिली, साखर ७० ग्रॅम, स्ट्रॉबेरीचा गाळलेला गर ३०० ग्रॅम, अर्ध्या लिंबाचा रस.

काड्या कात्रीने कापून त्याच पाण्यात वीस मिनिटं भिजवा. मग मंद आचेवर एकही काडी दिसेनाशी होईपर्यंत उकळा, साखर घाला, एक उकळी आणा आणि गाळून घ्या. दुसऱ्या पातेल्यात गर गरम करून घ्या. गॅस बंद करून दोन्ही एकत्र करा, लिंबू पिळा आणि लगेच कपात ओता.

दोन ठिकाणी लोक चुकतात. एक, फ्रिजमधला गार गर ओततात. गार लागला की चायना ग्रास जागच्या जागी गोठतं आणि गुठळ्या होतात. दोन, आंबट रस घालून मिश्रण उकळत ठेवतात. आंबटपणात जास्त उकळलं की पकड कमी होते. म्हणून रस नेहमी शेवटी, गॅस बंद करून.

ही जेलीसुद्धा दुसऱ्या दिवशी कडेने थोडं पाणी सोडते. खराब झालेली नसते, पण ग्राहकाला तसं वाटतं. त्यामुळे ज्या दिवशी केली त्याच दिवशी विका.

रेसिपी ३ : मिक्स फ्रूट कस्टर्ड (१२ कप)

एक लिटर दूध, ३५ ग्रॅम कस्टर्ड पावडर, ८० ग्रॅम साखर आणि अर्धा किलो फळं. कृती सगळ्यांना येते, म्हणून फक्त बिघडतं कुठे ते सांगते.

- कच्चा अननस, किवी, पपई दुधात घालू नका. या फळांत प्रथिनं तोडणारे घटक असतात आणि दूध कडू लागायला लागतं. अननस घालायचाच असेल तर साखरेत पाच-सात मिनिटं शिजवून, थंड करून घाला. शिजवल्यावर तो घटक निकामी होतो.
- सफरचंद, केळं काळं पडतं. चिरल्याबरोबर थोडा लिंबाचा रस चोळा. केळं अगदी शेवटी.
- डाळिंब आणि द्राक्षं ही आपली भरवशाची फळं. पाणी सोडत नाहीत, काळी पडत नाहीत, कपात उठून दिसतात.
- उष्टा चमचा परत पातेल्यात घालू नका. स्वच्छतेचा मुद्दा तर आहेच, पण लाळेने कस्टर्डमधलं स्टार्च फुटतं आणि घट्ट कस्टर्ड तासाभरात पातळ होतं. "कंपनीची पावडर खराब निघाली" अशी तक्रार घेऊन आलेल्या निम्म्या लोकांना मी हाच प्रश्न विचारते : चव कशी बघितली?

कस्टर्ड आणि फळं वेगवेगळी गार करा आणि कप भरतानाच एकत्र करा.

आता मुख्य विषय : कितीला विकायचं?

आमच्या बॅचमधल्या एका ताईंची गोष्ट सांगते. हात इतका छान की त्यांचा चक्का कप मीसुद्धा विकत घेऊन खायचे. रोज ३० कप करायच्या आणि ३५ रुपयांना विकायच्या. तीन महिन्यांनी म्हणाल्या, "मॅडम, माल तर सगळा जातो, पण पैसे दिसतच नाहीत. मिस्टर म्हणतात, बंद कर हे."

मी म्हटलं, हिशोब दाखवा. त्यांचा हिशोब असा होता : साहित्य जवळपास १८ रुपये, कप-झाकण ४ रुपये, झाले २२. विकते ३५ ला. सुटतात १३.

मग आम्ही दोघी बसलो आणि ३० कपांचा पूर्ण हिशोब मांडला. भाव त्या वेळचे आहेत, तुम्ही तुमच्या गावचे टाका.

- म्हशीचं दूध पावणेचार लिटर, ७२ रुपयांनी : २७० रुपये
- स्ट्रॉबेरी १ किलो २०० ग्रॅम, २०० रुपयांनी : २४० रुपये
- साखर आणि लिंबं : २५ रुपये
- साहित्य एकूण : ५३५ रुपये
- कप, झाकण, चमचा, लेबल, प्रत्येकी ६ रुपये : १८० रुपये
- गॅस, फ्रिजचं वीजबिल, बर्फ : ५० रुपये
- पोचवायला पेट्रोल : ६० रुपये
- खराब निघालेलं फळ, सांडलवंड, साहित्याच्या १० टक्के : ५५ रुपये
- ताईंची मेहनत, ३ तास, ताशी ८० रुपये : २४० रुपये
- सगळं मिळून : ११२० रुपये, म्हणजे एक कप ३७ रुपये ३३ पैसे

३५ ला विकलेल्या ३० कपांचे येतात १०५० रुपये. म्हणजे रोज ७० रुपये तोटा.

ताई म्हणाल्या, "पण माझी मेहनत कशाला धरायची? मी घरातच असते." हे वाक्य मी प्रत्येक बॅचमध्ये ऐकते, आणि बहुतेक वेळा बायकांकडूनच. म्हटलं, ठीक आहे, नका धरू. मग तीन तासांचे तुमच्या हातात राहतात १७० रुपये. तेही तिसाच्या तीस कप गेले तर. एखाद्या दिवशी पाच कप उरले तर येतात ८७५. खर्च, मेहनत सोडून, ८८०. म्हणजे त्या दिवशी तुम्ही तीन तास काम केलंत आणि वर पाच रुपये खिशातून घातलेत.

ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे मिस्टरांचं बरोबरच होतं?" म्हटलं, नाही. धंदा चुकीचा नव्हता, भाव चुकीचा होता.

आम्ही भाव ५५ रुपये केला. आता बघा :

- ३० कप गेले : १६५० वजा ११२० = ५३० रुपये नफा, आणि मेहनतीचे २४० वेगळे
- २५ गेले, ५ उरले : १३७५ वजा ११२० = २५५ रुपये नफा
- खर्च भरून निघायला विकावे लागतात : २१ कप

हा २१ चा आकडा ताईंनी फ्रिजवर चिकटवला. एकविसावा कप जाईपर्यंत आपण खर्च भरतोय, बाविसाव्यापासून कमावतोय.

भाव वाढवल्यावर काही ग्राहक गेले, हे लपवत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत रोजचे ३० वरून २२-२३ कप जायला लागले आणि ताई घाबरल्या. पण तेव्हाही त्या तोट्यात नव्हत्या, आणि आधी तीस विकूनही होत्या! पुढे मुलांच्या वाढदिवसाच्या ऑर्डरी सुरू झाल्या आणि गाडी रुळावर आली. मिस्टर आता स्वतः स्ट्रॉबेरी आणायला जातात.

दुकानात ठेवायला द्यायचं का?

नवीन माणसाला दुकानात माल लागला की मोठं झाल्यासारखं वाटतं. पण फळाच्या कपाचं गणित वेगळं आहे. दुकानदाराला २० टक्के कमिशन धरा. ५५ च्या कपाचे तुम्हाला मिळतात ४४. तीस कप गेले तर १३२० वजा ११२० = २०० रुपये. आणि पाच कप परत आले तर ११०० वजा ११२०, म्हणजे २० रुपये तोटा. बिस्किटं परत आली तर उद्या विकता येतात. फळाचा कप परत आला की संपला.

म्हणून माझा सल्ला : सुरुवातीचे दोन-तीन महिने आगाऊ ऑर्डरवरच काम करा. सोसायटीच्या, शाळेच्या पालकांच्या, भिशीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आदल्या दिवशी संध्याकाळी मेसेज टाका : "उद्या स्ट्रॉबेरी-चक्का कप, फक्त ३०, रात्री नऊपर्यंत नाव द्या, पैसे आगाऊ." जेवढी नावं तेवढीच स्ट्रॉबेरी आणा. दुकानदाराला द्यायचंच असेल तर त्याने माल विकत घ्यावा, परत देण्याची अट नको.

स्वच्छता, थंडावा, कागदपत्रं

इथे मी थोडी कडक आहे, कारण दूध आणि चिरलेलं फळ एकत्र म्हणजे जोखमीचा माल.

- तयार कप ५ अंशांखाली ठेवा. फ्रिजमध्ये एक साधा थर्मामीटर ठेवा, दाराच्या कप्प्यात कप ठेवू नका.
- फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त वेळ नाही. पोचवताना बर्फाच्या पिशव्या घातलेला आइसबॉक्स हवाच.
- लेबलवर पदार्थाचं नाव, घटक, वजन, किंमत, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खायचं, तुमचं नाव-पत्ता आणि शाकाहारीचं हिरवं चिन्ह टाका. दूध आहे हे स्पष्ट लिहा. मी "त्याच दिवशी खावे" असंच छापते.
- घरून विकत असलात तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते. फॉसकॉस पोर्टलवर स्वतः ऑनलाइन करता येते. १४ आकडी नंबर मिळतो, तो लेबलवर छापा. किती उलाढालीपर्यंत नुसती नोंदणी पुरते आणि फी किती, हे अर्ज भरायच्या दिवशी पोर्टलवरच बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

सिझन संपल्यावर काय?

"स्ट्रॉबेरी चार महिने, मग आठ महिने काय करू?" चांगला प्रश्न आहे. चक्का, चायना ग्रास आणि कस्टर्ड हे तीन पाये तुमच्याकडे आहेत, फळ फक्त बदलायचं. जानेवारी ते एप्रिल नाशिक-सांगलीकडची द्राक्षं. एप्रिल ते जून आंबा, म्हणजे आम्रखंडाचा हलका भाऊ. पावसाळ्याच्या सुरुवातीला जांभूळ, त्याची जेली तर जांभळ्या काचेसारखी दिसते. सप्टेंबरनंतर सासवडकडचं सीताफळ, त्याला साखर जवळजवळ लागतच नाही. हिवाळ्यात पेरू आणि नागपुरी संत्रं. डाळिंब आणि घोलवडचा चिकू मधल्या फटी भरायला.

फेब्रुवारी-मार्चमध्ये स्ट्रॉबेरी स्वस्त झाली की बारीक फळांचा गर करून, थोडी साखर घालून, अर्ध्या किलोच्या पाकिटांत फ्रीझरमध्ये ठेवा. दोन-तीन महिने सॉस आणि जेलीला उपयोगी पडतो. अख्खं फळ गोठवलं तर सुटल्यावर मऊ पडतं, ते वर सजवायला चालत नाही. आणि पाकिटावर तारीख लिहा, "लक्षात राहील" म्हणू नका!

या आठवड्याचं काम

१. दहा कप करा. विकू नका. दोन घरी खा, बाकीचे फ्रिजमध्ये ठेवून दोन, चार, आठ आणि बारा तासांनी एकेक उघडून बघा. पाणी कधी सुटलं ते लिहा. ती तुमच्या मालाची खरी मुदत.

२. वर दिलेली हिशोबाची यादी तुमच्या गावच्या भावांनी भरा. मेहनतीची ओळ रिकामी सोडायची नाही.

३. तुमचा "२१ चा आकडा" काढा आणि फ्रिजवर चिकटवा.

जाता जाता, त्या काकूंचं काय झालं ते सांगते. पुढच्या वर्षी मी स्वतः त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, यंदा पाच कप चवीला देते, पैसे नकोत, दुपारी चारला उघडून बघा. त्यांनी बघितलं आणि संध्याकाळी ऑर्डर दिली. साठ नाही, पंचवीस कपांची. विश्वास परत यायला वेळ लागतो. त्या पंचवीस कपांवरची फळं मी त्यांच्याच ओट्यावर उभं राहून चिरली. एकही कप अर्धा परत आला नाही.

हिशोब मांडताना अडलात तर विचारा. पुढच्या व्हिडिओत द्राक्षं आणि चक्क्याचं काहीतरी करू. तोपर्यंत, करत राहा आणि लिहून ठेवत राहा!